पन्नास वेळा गोठलेला ठोकळा

घर्र, घर्र, घर्र. मी ऐकलेला हा पहिला आवाज. एका लहान मिक्सरचं पिंप फिरत होतं आणि आत मी होतो. म्हणजे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी होतं. तो आवाज थांबला तेव्हा त्या सगळ्यांचा मी झालो होतो.

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. हातभर लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. माथ्यावर चारी बाजूंनी बोटभर उंच काठ आहे, पाणी अडून राहावं म्हणून. मला फार कळत नाही. अंगावर जे आलं तेवढं सांगतो.

माझा जन्म सिंगापूरचा. चांगी विमानतळाच्या बाजूला एका कंपनीची शेड आहे, तिथे बांधकामाचं सामान तपासतात. वरून विमानं जातात. खाली माणसं बाराही महिने घाम पुसत असतात. अशा ठिकाणी मला थंडीसाठी घडवलं.

मंगोलियातल्या एका शाळेला उघड्यावरचं टेनिस कोर्ट बांधून द्यायचं होतं. तिथे हिवाळ्यात उणे तीस. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं बांधकाम उचलून टाकतं. म्हणून कोर्टाखाली खडीचा जाड थर घालायचा, पाणी निघून जाईल असा उतार द्यायचा आणि वर माझ्यासारखं काँक्रीट. त्या काँक्रीटच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे लागतात, अगदी जवळ जवळ. गोठणारं पाणी फुगलं की त्याला तिथे जागा मिळते. जागा नाही मिळाली तर ते काँक्रीटचा वरचा पापुद्रा उडवतं.

माझ्या पोटात बुडबुडे होते, पण मोठे आणि एकमेकांपासून लांब. हे वरून कुणाला कळणार? ते कळावं म्हणूनच मला माथ्यावर पाणी घेऊन पन्नास वेळा गोठायचं होतं.

काम रुपालीकडे होतं. ती नागपूरची, बत्तीस-तेहतीस वर्षांची इंजिनिअर. राहायला शहराच्या पुंगोल भागात. मुलगा पहिलीत. नवरा आणि मुलगा, दोघंही तिच्या कामाच्या पासवर, म्हणजे नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, या देशात राहत होते.

शेडची किल्ली प्रफुल्लकडे असायची. तेही नागपूरकडचेच, पण वीस वर्षं इथे काढलेली. सकाळी सातला कुलूप काढायचं, संध्याकाळी सहाला झाडून-पुसून लावायचं. मला थंडीच्या पेटीत ठेवायचे तेच, सकाळी बाहेर काढायचे तेच.

रुपाली यायची नऊच्या पुढे.

"जय भीम, मॅडम. आज सूर्य तुमच्या आधी आला बरं का."

"जय भीम. टोमणे नका मारू हो दादा. पोरानं बूट शोधण्यात अर्धा तास घालवला. वर मलाच इथल्या पोरांसारखं म्हणतो, मम्मी, रिलॅक्स ला!"

"बरोबर बोलला पोरगा. घ्या, कॉफी आणलीये, इथली कोपी. थंड झाली असेल."

"थंड? या देशात काही थंड होतं का?"

"आपला हा होतो की," असं म्हणून प्रफुल्ल माझ्यावर थाप मारायचे.

मग ती मापानं माझ्या माथ्यावर पाणी घालायची. ते दिवसभर माझ्यात मुरायचं आणि उरलेलं रात्री पेटीत माझ्यावर गोठायचं, असं ठरलेलं. तिच्या कागदावर रोज तीन चौकोन होते. पाणी घातलं. बर्फ धरला. पापुद्रा गेला. सकाळी सातला, मला बाहेर काढण्याआधी, माझ्यावर बर्फ आहे का हे तिनं पेटी उघडून बघायचं होतं. ती कोपीचा घोट घेता घेता दुसऱ्या चौकोनात खूण करायची. थंडीच्या पेटीत पाणी ठेवल्यावर बर्फ होणारच, त्यात बघायचं काय, असं तिला वाटत असावं.

बर्फ नव्हता. एकही दिवस नव्हता.

त्याचं असं झालं. संध्याकाळी रुपाली घरी गेली की प्रफुल्ल शेडभर फिरायचे. बादली पालथी घालायचे, कुंड्यांखालच्या ताटल्या झटकायचे, ताडपत्रीच्या खोलगट भागातलं पाणी काढायचे. शेवटी माझ्याकडे यायचे. मला तिरपं करून पाणी ओतून द्यायचे आणि फडक्यानं माझा माथा कोरडा करायचे. एखाद्या म्हाताऱ्याचं तोंड पुसावं, तसं हळू.

"साचू द्यायचं नाही बाबा," ते मला सांगायचे. "माझी बेबी एवढ्याशा पाण्यानं गेली."

बेबी त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला. नोव्हेनाच्या दवाखान्यात पाच दिवस होती. नंतर तपासणीवाले घरी आले तेव्हा त्यांना डासांच्या अळ्या सापडल्या, प्रफुल्लनी स्वतः लावलेल्या मोगऱ्याच्या कुंडीखाली. तेव्हापासून त्यांना साचलेलं पाणी दिसलं की हात थांबत नसत. माझ्यावरचं पाणी मला दिवसा भिजवण्यापुरतं आहे, असं ते समजून होते. ते कशासाठी आहे हे कुणी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

असा मी पन्नास वेळा कोरड्या माथ्यानं गोठलो. थंडी हाडात शिरायची, पण माथ्यावर पाणीच नव्हतं तर पापुद्रा कशानं उडणार? रुपालीचे साहेब, सारंग सर, भिंग घेऊन वाकले आणि म्हणाले, "वा! एक कण नाही सुटला." रुपालीनं लिटल इंडियातून पेढे आणले. पहिला पेढा तिनं प्रफुल्लना दिला. "दादा, यात अर्धं काम तुमचं."

मला फार लाज वाटली. आपण अंगात नसलेल्या गुणाबद्दल शाबासकी घेतोय आणि बोलता येत नाही, यासारखं ओझं नाही.

माझ्याच मिश्रणाचं काँक्रीट घालून मंगोलियात कोर्ट झालं. एक हिवाळा गेला. बर्फ वितळल्यावर शाळेचं पत्र आणि फोटो आले. सगळं कोर्ट भाजलेल्या कातडीसारखं सोलून निघालं होतं. एका मुलीचा पाय सुट्या कपच्यांवरून सरकला आणि गुडघा मोडला. ती आता लंगडते, असं त्या पत्रात होतं.

"ठोकळा धड आणि कोर्ट सोललेलं," सारंग सर म्हणाले. "रुपाली, मला याचं उत्तर पाहिजे."

तिनं मला फडताळातून काढलं, पाणी घातलं आणि काही न सांगता घरी गेली. दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच शेडच्या दारात उभी. प्रफुल्लनी पेटी उघडली. मी कोरडा होतो.

"दादा, पाणी कुठे गेलं?"

"कुठलं?"

"ह्याच्यावरचं. काल मी घातलेलं."

"ते होय? ओतून दिलं ना. रोजच देतो. पुसूनच आत ठेवतो."

"रोज? तेव्हाही? पन्नासही दिवस?"

"एक दिवस चुकलो नाही," प्रफुल्ल अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "का गं? काय झालं?"

ती जमिनीवर बसली. "ते पाणी गोठायला हवं होतं, दादा. त्यासाठीच सगळं होतं."

वरून एक विमान गेलं.

"मला सांगायचं ना गं एकदा," प्रफुल्ल म्हणाले.

"मी बघायचं होतं एकदा. न बघता खुणा केल्या."

"मग आता?"

"आता काय. माझा पास जाईल. तिघांनाही परत जावं लागेल. अशा चुकीनंतर दुसरीकडे काम कोण देईल मला?"

दहा वाजता सारंग सर आले. कागद त्यांच्या हातात होता. "बर्फ धरला. पन्नास खुणा, खाली तुझी सही. पाहिला होतास बर्फ?"

रुपालीनं तोंड उघडलं. तिच्याआधी प्रफुल्ल बोलले.

"सर, मॅडम रोज विचारायच्या. मीच सांगायचो, हो, होता बर्फ. पाणी मी ओतून टाकायचो आणि खोटं बोलायचो."

"खोटं? कशासाठी?"

"डासांची तपासणी येईल म्हणून भ्यायलो."

"रुपाली, असंच झालं?"

पन्नास दिवसांत तिनं त्यांना बर्फाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं आणि मला. मी वाट बघत राहिलो. तिनं मान खाली घातली आणि मग ती मान होकारार्थी हलली.

ही आज सकाळची गोष्ट. सारंग सरांनी प्रफुल्लना आजच्या आज जायला सांगितलं. उद्या मलाही फोडून भरावात टाकतील. त्याचं मला काही नाही, दगडाला मोडण्याची सवय असते. पण त्या मुलीला तिच्या गावात कुणी सांगणार नाही की तिचा गुडघा इथे, एका चौकोनात मोडला. तुमच्या हाताखाली असा चौकोन आला, तर खूण करण्याआधी झाकण उचलून आत बघा. एवढंच मागतो.

दुपारी प्रफुल्लनी आपला डबा आणि छत्री पिशवीत भरली. किल्ल्यांचा जुडगा माझ्या माथ्यावर ठेवला. रुपाली मांडणीजवळ उभी होती.

"आता तुझा पास राहील ना?" त्यांनी विचारलं.

ती किल्ल्यांकडे बघत होती.

"पोराची शाळा मोडू नको बरं का. सांग ना गं, राहील ना?"

रुपालीनं मांडणीवरचा तो खुणांचा कागद उचलला, छातीशी धरला आणि त्यांच्याकडे न बघता ऑफिसकडे चालत गेली.