जिवंत बाईपुढे मेणबत्त्या

संग्रहालयाच्या दालनात शिरताच ऑरेलिया थबकली. तिने काढलेलं आईचं चित्र समोरच होतं. पण चौकटीवर झेंडूची माळ चढवली होती, खाली मेणबत्त्या जळत होत्या, साखरेच्या कवट्या मांडल्या होत्या, आणि तिच्या लोकांत मृतांच्या दिवसासाठी भाजतात तो गोड पावही.

चित्रातली एर्मिनिया इस्पितळाच्या धुलाईघरात, डोक्याला जाळी बांधून, ओल्या चादरींचं गाठोडं उचलत होती. तिच्या दंडाचे स्नायू रंगवण्यात ऑरेलियाने चार महिने घालवले होते. खरी एर्मिनिया, वय बहात्तर, नवा निळा झगा घालून लेकीच्या शेजारी उभी होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी कधी गेले?"

"आई, थट्टा नको."

"सगळ्या सान अँटोनिओला कळलं, मलाच सांगायचं राहिलं म्हणायचं."

संग्रहालयाच्या व्हिटकोम्बबाई हसत आल्या. "कशी वाटली मांडणी? चित्र जरा कोरडं दिसत होतं. आता कसं, अगदी तुमच्या संस्कृतीतलं!"

ऑरेलियाची कानशिलं तापली. "या वेदीवर आम्ही फक्त गेलेल्यांची तसबीर ठेवतो. जिवंत माणसाची ठेवणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. ही माझी आई. तुमच्यासमोर उभी आहे."

"अरेरे! पण पत्रिकेवर हीच मांडणी छापलीय. पाहुणे तासाभरात येतील. उद्या बदलू या ना?"

"आत्ता."

"तुमचंच नुकसान होईल. इथे पुन्हा भिंत मिळणं कठीण असतं."

ऑरेलियाला ते ठाऊक होतं. वीस वर्षं तिची चित्रं बेकरीत, न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या तळघरात लागली होती. तेवढ्यात तिला आई दिसली. एर्मिनियाचं हसू मावळलं होतं. मेणबत्त्यांकडे पाठ करून ती छातीवर क्रूसाची खूण करत होती, कोणाला दिसू नये अशी, लहानशी.

ऑरेलियाने मेणबत्त्या एकेक करून फुंकून विझवल्या. माळ ओढून व्हिटकोम्बबाईंच्या हातात दिली.

"एकतीस वर्षं तिने चादरी उचलल्या. त्यात तुम्हाला संस्कृती दिसली नाही. कवटी ठेवल्यावर दिसली!"

तिने चित्र खिळ्यावरून उतरवलं. दुसरं टोक एर्मिनियाने धरलं.

"आई, सोड, जड आहे."

"जड काय असतं ते मला शिकवू नकोस. चल, दार उघडंच आहे."