ओढणीखालचा मोबाइल

म्हातारी बोलत होती. माती कालवावी, साच्यात चेपावी, उन्हाला मांडावी, तसं एकेक वाक्य मांडत होती. दुभाष्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मुलगा बेपत्ता आहे म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. वीटभट्टीवरच्या मजुरांच्या हक्कांसाठी एम.ए.ची तीन मुलं परदेशातून इथं आली होती. त्यांत ही वयाने मोठी, म्हणून थोरली. म्हातारीच्या मुलाने संप केला होता, तेव्हापासून मालकाची माणसं त्याच्या मागावर होती. तक्रार करायची तर त्याचं काय झालं ते कळायला हवं. आणि हा दुभाष्या घागरभर ऐकून चूळभर सांगत होता!

"मालकाने ह्याचं तोंड बांधलंय," ती सोबत्यांना म्हणाली.

"अगं, मितभाषी असेल बिचारा. असतात अशीही माणसं. तुला नाही कळायचं!"

दुसऱ्या दिवशी ओढणीखाली मोबाइल चालू ठेवून तिने म्हातारीला पुन्हा बोलतं केलं, आणि संध्याकाळी जेवताना ते रेकॉर्डिंग घरमालकिणीला, मावशींना, ऐकवलं. त्यांना दोन्ही भाषा येत. शिवाय जीव लावून वाढणारं माणूस.

ऐकता ऐकता मावशी हसल्या. "बेपत्ता कसला! नदीपलीकडे बहिणीच्या घरी आहे की. आई म्हणतेय, ह्या पोरांना सांगू नका."

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

सकाळी तिने दुभाष्याला गाठलं आणि रेकॉर्डिंगचं सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. "तुमच्या तक्रारीचा कागद मालकाच्या वकिलापर्यंत जातो, ताई. आणि मुलाचा विषय काढल्याशिवाय त्या माउलीला बोलताच येत नाही. म्हणून गाळायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय. आणखी कुणी ऐकलं?"

"घरमालकीणबाईंनी."

"त्यांचा भाचा मालकाची गाडी चालवतो." तो चपला शोधू लागला. "मी नदीपलीकडे निघतो. तुम्ही येऊ नका, तुमच्याकडे सगळे बघतात."

दिवसभर थोरलीने रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे पाहिलं. दुभाष्या परतला नाही.

रात्री मावशींनी ताटात गरम भाकरी टाकली, पाठीवरून हात फिरवला. "चेहरा का गं सुकला? त्या म्हातारीच्या पोराला आता हलवणार असतील ना कुठं?"

तो हात रोजच्यासारखाच ऊबदार होता. थोरली ताटाकडे बघत म्हणाली, "मला काय माहीत, मावशी."