चाकावरचा अंगठा

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी काचेला नाक लावलं तरी चालेल. मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे, दीड वीत लांबीचं. लोकर कातणाऱ्या मोठ्या गिरणीत असायचं त्याचं हुबेहूब बाळरूप. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे, ती वाचलीत? ‘हेडली सग्डन याने संपूर्णपणे स्वतःच्या हाताने बनवले.’ ती पाटी खोटं बोलते. तिच्याशी माझं भांडण आहे. ते कसं लागलं, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आमचं गाव यॉर्कशायरमधलं, दगडी घरांचं आणि काळ्या धुराड्यांचं. हेडली दिवसभर कारखान्यात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काम करायचा आणि संध्याकाळी परसातल्या लाकडी खोपटात पायाने चालवायच्या छोट्या लेथवर माझं काम करायचा. त्याने मला सात हिवाळे घडवलं. माझा सिलिंडर न्हाणीघरातल्या मोडक्या नळाच्या पितळेचा आहे, दट्ट्याची दांडी जुन्या सायकलच्या आऱ्याची. माणूस कष्टाळू होता, ते मी नाकारणार नाही. पण जिभेने फार कडू. कानस घसरली की शिव्या त्याने मला द्याव्यात, आणि चहा थंड झाला की एडनाला.

एडना ही त्याची बायको. रविवारी चॅपलमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमध्ये, गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. लढाईच्या काळात पुरुष बाहेर गेले, तेव्हा ती चार वर्षं ओतशाळेत वाळूचे साचे भरायला होती. तिथे उजव्या अंगठ्यावर तापलेला बिडाचा थेंब उडाला आणि अंगठ्याच्या मधोमध आडवी खाच पडली. लढाई संपली, पुरुष परत आले, आणि एडनाला घरी पाठवलं. हातातलं कसब मात्र कुणी काढून घेऊ शकलं नाही.

माझ्या मोठ्या चाकापाशी हेडली अडला. बशीएवढं चाक, सहा आऱ्यांचं. त्याने तीनदा बीड ओतलं आणि तिन्ही वेळा चाक तडकलं. चौथ्या वेळी एडना बाह्या सरसावून खोपटात आली.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “वाळू आहे की लापशी केलीस ही?”

तिने परसात कोळशाची भट्टी लावली, व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून फुंकणी केली, आणि स्तोत्र गुणगुणत वाळू ठोकली. शेजारची बाई भिंतीवरून ओरडली, “एडना, माझ्या चादरी काळ्या करशील तर बघ हं!”

“अगं, सोमवारी धुतेस ना तू? आज मंगळवार आहे. वाळत घालायला कुणी सांगितलं?” एडना म्हणाली, आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं.

मित्रांनो, देवाचं नाव ओठांवर आणि हात कामात, अशा घडीला माझं चाक जन्मलं. साच्याचा एक कोपरा ढासळत होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला. चाक बाहेर आलं तेव्हा कडेच्या आतल्या बाजूला, दोन आऱ्यांच्या मध्ये, तिच्या अंगठ्याचा उंचवटा उमटला होता, मधल्या खाचेसकट. हेडलीने तो घासून काढायला घेतला. तिथलं बीड काचेसारखं कडक झालं होतं, कानस नुसतीच सरकली. मग त्याने वर हिरव्या रंगाचे दोन हात फासले.

आता आमच्या मंडळाचा, म्हणजे छोटी इंजिनं बनवणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाचा, रिवाज ऐका. वार्षिक प्रदर्शनात बक्षिसाच्या ढालीसाठी इंजिन मांडायचं तर कबुलीपत्र भरावं लागे : काय विकत घेतलं, कुणाची मदत झाली, सगळं लिहायचं. आणि सगळ्यांचीच एक खोड होती. मदतीच्या ओळीत कुणी कधी काही लिहीत नसे. एकट्याने केलं, हीच मिरवायची गोष्ट.

“चाकापुढे माझं नाव लिही,” एडना म्हणाली.

“लोक हसतील. बायकोचं चाक म्हणून!”

“हसू देत. एवढं एकच मागतेय, हेडली.”

त्याने लिहिलं : ‘स्क्रू विकत. बाकी सर्व माझे.’ आणि त्याच रात्री ही पाटी कोरली. मित्रांनो, तेव्हापासून मी त्याचा राग धरला.

प्रदर्शनाच्या दिवशी दिवाणखान्याएवढ्या सभागृहात चाळीस इंजिनं मांडली होती. परीक्षक होता क्लिफर्ड मर्गाट्रॉइड, मंडळाचा सचिव, तीन वेळा ढाल नेलेला. त्याचं आणि हेडलीचं वाकडं. त्याने भिंग लावून मला उलटसुलट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चाक सुरेख आहे हो, सग्डन. कुठल्या दुकानातून आणलंस?”

“मी ओतलंय!”

“तू? गेल्या वर्षी तुझ्याच्याने साधा दिव्याचा पाया ओतवला नाही. बरं, वाळू किती ओली ठेवली होतीस?”

हेडलीच्या मानेवर लाली चढली. “ठेवली होती... हवी तेवढी.”

“हवी तेवढी!” लोक फिदीफिदी हसले. “विकतचं चाक आणून स्वतःचं म्हणवतोस? नाव खोडतो तुझं यादीतून. मंडळातूनही.”

सात हिवाळे, मित्रांनो! एक नाव घेतलं असतं तर तो वाचला असता. मी आतून ओरडत होतो, बोल ना रे मेल्या!

तेवढ्यात मागून, चहाच्या मोठ्या किटलीपाशी उभी असलेली बाई बोलली. “मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे. मोडला की दोन सरळ तुकडे. हाताला चिकटली तर वाळू फार ओली.”

एडना किटली ठेवून पुढे आली. तिने नखाने हिरवा रंग खरवडला आणि आपला अंगठा त्या उंचवट्याशेजारी धरला. खाचेशेजारी खाच.

क्लिफर्डने भिंग लावलं, काढलं, परत लावलं. “सग्डनबाई... हे तुमचं काम?”

“दुकानातलं नाही, एवढं नक्की. माझा नवरा चोर नाही.” मग ती हेडलीकडे वळली. “खोटारडा मात्र आहे.”

कबुलीपत्र खोटं म्हणून ढाल गेली. घरी निघताना हेडली दात खाऊन म्हणाला, “चार लोकांत माझी लाज काढलीस.”  एडनाने पिशवीतून पाना काढला, माझं चाक सोडवलं आणि बटाट्यांबरोबर पिशवीत टाकलं.

“ज्या दिवशी कागदावर नाव लिहिशील त्या दिवशी परत देईन.”

त्याने लिहिलं नाही. अकरा वर्षं! चाक स्वयंपाकघराच्या दाराला टेकण म्हणून पडून राहिलं, आणि हेडली रोज त्याला ओलांडून चहा प्यायला जायचा. माझ्यावर त्याने खरोखरच दुकानातलं चाक चढवलं. मीही अडून बसलो. दोन फेरे आणि ठप्प. तेल घाल, शिव्या घाल, ठप्प. शेवटी त्याने माझ्यावर पोतं टाकलं. त्या पोत्याखाली मी गंजलो, पण हललो नाही.

हेडली वारला. चॅपलमध्ये एडना त्याच्यासाठी गायली. पुढच्या मंगळवारी तिने मला आणि चाकाला इथे मंडळात आणलं. क्लिफर्ड आता म्हातारा झाला होता. त्याने गंज काढला, तिने स्वतः चाक बसवलं, आणि वाफेऐवजी हवेची नळी जोडली. मी चाललो, मित्रांनो! असा चाललो की टेबलावरचे कप किणकिणले.

“पाटी बदलतो, सग्डनबाई,” क्लिफर्ड म्हणाला. “आज, आत्ता.”

“राहू दे. अकरा वर्षं ज्याने लिहायचं त्याने लिहिलं नाही. आता तुमच्या हातचं मला नको.” तिने कोटाची बटणं लावली आणि ती निघून गेली. परत कधी आली नाही.

म्हणून माझं मागणं ऐका. माझी पितळ पुसा, तेल घाला, धूळ बसू देऊ नका, ते तर हवंच. पण कुठलीही सुंदर वस्तू पाहाल आणि खाली एकच नाव दिसेल, तेव्हा वाकून आतली बाजूही पाहा. आणि जाताना माझं चाक थांबेल तेव्हा दोन आऱ्यांच्या मधे बघा, रंग उडालेला आहे, खाच दिसेल. ती एडना सग्डन. पाटी विसरलात तरी चालेल. तिला विसरू नका.