डीच्या बाहेरचा चेंडू

जागृतीने जयवंत सरांना माफ केलं नव्हतं आणि तसा तिचा विचारही नव्हता. वर्षभर जो तो समजावत होता, खेळात असं व्हायचंच, जाऊ दे. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि राग लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

गेल्या वर्षी ती वसईत सरांच्याच टीमची गोलकीपर होती. हॉकीत गोलासमोर अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्याला डी म्हणतात. हल्ला करणाऱ्या टीममधल्या कुणाची तरी स्टिक डीच्या आत चेंडूला लागली, तरच गोल धरतात. बाहेरून मारलेला चेंडू कुणाला न लागता थेट जाळ्यात गेला, तर तो फुकट. हे जागृतीने झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या फायनलला बाहेरून सणसणत चेंडू आला आणि तिचा पाय आपसूक आडवा गेला. पॅडवर आपटून चेंडू उडाला, तो नेमका डीत उभ्या असलेल्या समोरच्या पोरीपुढे. तिने आत ढकलला. गोल झाला आणि कप गेला.

चूक जागृतीचीच होती, हे ती कुणापुढेही कबूल करायची. पण सर मैदानात घुसले आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावरचं हेल्मेट ओढून काढलं. "सोडायचा होता! एवढं कळत नाही? तुम्ही खाडीकाठची माणसं. चिखलात पाय रोवून उभं राहायचं, एवढंच येतं तुम्हाला!"

दोरीपलीकडे तिचे वडील, बळीराम, उभे होते. खाडीकाठच्या जूचंद्र गावचा शेतकरी माणूस, लेकीची मॅच म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. "चल गो बाय, घरा जाव," एवढंच ते म्हणाले, आणि त्यानंतर कधी मैदानाकडे फिरकले नाहीत. सरांचे शब्द जागृतीने एक वेळ गिळले असते. बापाची खाली गेलेली मान काही तिला गिळता येईना.

यंदा ती नायगावकडून उतरली. नायगावच्या पोरींना आजवर एकही कप मिळाला नव्हता आणि त्यांची कॅप्टन संजना त्यासाठी जिवाचं रान करत होती. फायनलला समोर कोण, तर सरांची टीम. खेळ संपत आला तेव्हा नायगाव एका गोलने पुढे होतं. सरांचा ओरडून ओरडून घसा बसला होता, आणि जागृतीला ते ऐकून बरं वाटत होतं.

तेवढ्यात डीच्या बाहेर आर्याला चेंडू मिळाला. सरांच्या टीममध्ये आर्याचा फटका सगळ्यात जोरकस. डीच्या आत त्यांचीच सँड्रा स्टिक टेकवून तयारच होती. आर्याने मारायचं, सँड्राने नुसती स्टिक लावून चेंडू आत वळवायचा, असा सरळ बेत होता. आर्याने मारला. सँड्राने स्टिक घातली आणि तोल जाऊन ती पडली. चेंडू तिच्या स्टिकला चाटला नाही असं जागृतीला वाटलं. नुसतं वाटलं, खात्री कुठे होती?

चेंडू सरळ तिच्या पॅडवर येत होता. अडवणं तिच्या हातचा मळ होता आणि उडालेला चेंडू घ्यायला या वेळी समोर कुणी उभं नव्हतं. बाजूने संजना जीव तोडून ओरडली, "अडव!"

जागृतीने पाय उचलला. चेंडू तिच्या पायाखालून गेला आणि धाडकन गोलातल्या मागच्या फळीवर आदळला.

सर हात उंचावून मैदानात धावले. पंचांनी मात्र शिट्टी फुंकून गोलाची खूण केली नाही. ते सँड्राकडे बघत राहिले.

"लागला ना? सांग त्यांना, लागला म्हणून!" सर तिच्यावर खेकसले.

सँड्रा गुडघा झटकत उठली. गेल्या वर्षी सरांनी जागृतीचं हेल्मेट ओढलेलं तिनेही पाहिलं होतं. "नाय लागला, सर. जरा पन नाय."

"गाढव आहेस का तू?" सर किंचाळले. पंचांनी गोल नाही अशी खूण केली आणि सरांना सगळ्यांदेखत दोरीबाहेर जायला सांगितलं. मान खाली घालून ते जागृतीच्या समोरून निघाले.

"सर," तिने हेल्मेट काढून हाक मारली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, सोडायचा?"

त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा जागृतीने डोळे भरून पाहून घेतला.

मॅच संपली. पोरी नाचत होत्या. संजना एकटीच कप काखेत मारून जागृतीकडे आली.

"अडवता येत होता ना तुला?"

"हो."

"आणि सँड्राची स्टिक लागली असती तर?"

"तर गोल झाला असता."

संजनाचा चेहरा रागाने लाल झाला. "आमच्या सगळ्यांचा कप पणाला लावलास तू, त्या एका माणसासाठी?"

"लावला," जागृती म्हणाली.

संजना वळली आणि फोटोला जाऊन उभी राहिली. तिने काही जागृतीला बोलावलं नाही. जागृती गोलाच्या खांबाला टेकून पॅडचे पट्टे सोडत बसली. संजनाचं चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं. पण तसाच चेंडू पुन्हा आला असता, तर तिने पुन्हा पाय उचलला असता.