नव्वद भरल्यावर या

८१ किलो

वजनकाट्यापासून सुरू झालेली रांग जिना उतरून थेट रस्त्यावर गेली होती, आणि रांगेतला जो तो पोट पुढे काढून उभा होता. जन्मभर फोटोपुरता श्वास रोखणारी माणसं ही! कुणी दोन स्वेटर चढवले होते. एका निवृत्त पोस्टमनने खिशात कुलपं भरली होती.

"चरबीत मूळ पेशी असतात," पांढऱ्या कोटातले पेशीवाले साहेब काट्याशेजारून सांगत होते. "त्यांच्यापासून हाड घडू शकतं, कूर्चा घडू शकते. मग चरबी जितकी जास्त, तितक्या पेशी...?"

"तेज!" जिना गरजला.

रांगेत ताईबरोबर उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. पहिली दोन वाक्यं खरी होती, तीच पंचाईत. ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेल्या चरबीतून पेशी वेगळ्या करायच्या आणि काचेच्या तबकडीत वाढवायच्या, हे तिचं रोजचं काम. आज ती ताईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी आली होती. म्हणजे ताईने तिला ओढून आणली होती.

आत साहेब पोटात सुई टोचून वाटाण्याएवढी चरबी काढत, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत, आणि भिंतीवरच्या पडद्यावर पेशी दिसत. पोस्टमनच्या पेशींची नुसती जत्रा उसळली. त्याच्यामागच्या किडकिडीत शिंपीणबाईंच्या मात्र चारच पेशी, त्याही आळस देणाऱ्या.

"बाई, पेशींची फार गरिबी आहे," साहेब हळहळले.

ताईच्या बऱ्यापैकी पळत होत्या. साहेबांनी मान तिरकी केली. "होईल. पण गुडघ्यात इंजेक्शन नव्वद भरल्यावर. खा, प्या, या."

८४ किलो

"ताई, तुला साखरेचा त्रास आहे. हे काय चाललंय?"

"औषध चाललंय." ताईने पावाच्या चौथ्या तुकड्यावर लोणी थापलं. "मला नातीला कडेवर घेऊन जिना चढायचाय. तुझे डॉक्टर म्हणतात खाणं तोड आणि चाल. हे म्हणतात खा आणि बस. तूच सांग, माणसाने कुणाचं ऐकावं?"

"अगं, जाड माणसांच्या पेशी आमच्याकडे बहुतेक वेळा सावकाश वाढतात. लवकर दमतात. भोवतालच्या चरबीतच सूज असते, त्यात त्या आधीच पिचलेल्या असतात. आणि मुख्य म्हणजे त्या अशा सैरावैरा पळत नाहीत! काचेला चिकटून बसतात."

"तुझ्याकडच्या मेलेल्या असतील," ताई म्हणाली. "साहेबांच्या पळतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

भाऊजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्यांचा हा नेहमीचा निष्पक्षपणा.

८७ किलो

आकडा पाहून ताई टाळी वाजवायला गेली आणि भोवळ येऊन बसली. पायाला महिन्यापूर्वी चप्पल चावली होती, ती जखम अजून ओली. साखर मोजली तेव्हा भाऊजींचं वर्तमानपत्र प्रथमच खाली आलं. दवाखान्यात तीन दिवस काढून परतल्यावर ताईचा पहिला प्रश्न, "आता तीनच किलो राहिले ना?"

 धाकटीने झाकणाची एक स्वच्छ बरणी घेतली आणि ताईच्या फ्रीजपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सगळी रांग बघत असताना तिने ती बरणी साहेबांपुढे ठेवली. "आमच्या मिस्टरांची चरबी. ऑपरेशनमध्ये काढली. स्वतः येऊ शकत नाहीत."

ताई दचकली. धाकटीचं लग्नच झालेलं नव्हतं.

"वजन?" साहेबांचा एकमेव प्रश्न.

"एकशे दहा."

काचेवर ठिपका पडला आणि पडदा उकळू लागला. जिन्यावरून "अहाहा" आलं. "दहा हजारांत असा एक माणूस!" साहेब सद्गदित झाले. "हा तर मेरू पर्वत हलवेल!"

धाकटीने पिशवीतून पाव काढला, बरणीतला ऐवज त्यावर फासला आणि घास घेतला.

शिंपीणबाई किंचाळल्या. पोस्टमन कुलपांसकट खाली बसला.

"घ्या ना कुणीतरी. लोणी आहे. ताईच्या फ्रीजमधलं."

साहेब क्षणभरच गडबडले. "अहो, लोणी कुठून येतं? गाईपासून! या गाईच्या मूळ पेशी!"

आणि दोघातिघांनी खरोखर माना डोलावल्या.

तेव्हा धाकटीने सूक्ष्मदर्शकाची वायर भिंतीतून उपटली. त्याचा दिवा विझला. पडद्यावरच्या पेशी नाचतच राहिल्या.

 मग खुर्ची करकरली. ताई उठली होती. पडद्यामागून निघालेल्या तारेवर हात ठेवत, लंगडत, ती टेबलापर्यंत गेली आणि तिने खण उघडला. तार सूक्ष्मदर्शकाकडे गेलेलीच नव्हती. खणात एक छोटं यंत्र होतं, त्याला तीन बटणं: जाड, मध्यम, बारीक.

"डबक्याच्या पाण्याची चित्रफीत दिसतेय," धाकटी पडद्याकडे बघत म्हणाली. "पळतायत ते त्यातले जीव, पेशी नव्हेत. काट्यावर आकडा पाहायचा, त्याप्रमाणे बटण दाबायचं."

"म्हणजे माझी जत्रा..." पोस्टमनने खिसा चाचपला.

"कुलपांची होती, काका."

गलका उठला. साहेब "चहा घेऊन येतो" म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. रांगेने मात्र त्यांना वाट दिली नाही. पोटं अजून पुढेच काढलेली होती.

८६ किलो ८००

ताई धाकटीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. एका तबकडीत पेशींची दाटी. दुसरीत विरळ, फताड्या, दमल्यासारख्या. दोन्ही एकाच दिवशी लावलेल्या.

"ही विरळ कुणाची? माझी नाही ना?"

"नाही गं. पण वजनदार माणसाची आहे."

"वजन उतरलं तर सुधारतात?"

"काही बाबतीत थोड्या. सगळ्या नाही, सगळ्यांच्या नाही. अजून शोधतोय आम्ही."

"आणि गुडघा?"

"त्याचंही नक्की माहीत नाही. म्हणून तर या तबकडीत आहेत, तुझ्या गुडघ्यात नाहीत. वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार उतरतो, एवढं मात्र आज सांगते."

ताईने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "त्या पेशीवाल्या साहेबांना एकदाही 'माहीत नाही' म्हणावं लागलं नाही," ती म्हणाली. "तिथेच ओळखायला हवं होतं."

ज्यांच्या गावात, गल्लीत, जिन्यावर असा पडदा लागला असेल, त्यांनी एवढंच करावं: पडद्याकडे पाठ करून तार कुठे जाते ते बघावं. त्याला पदवी लागत नाही. ताईला लागली नाही.

ती काठी टेकत उठली. लिफ्ट समोरच होती. तिने जिना धरला, एक पायरी, मग दुसरी, आणि तिसरीवर थांबून म्हणाली, "नातीला सांग, थोडी वाट बघ म्हणावं."