खरी ठमी

नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, तिथेच तिने शहाणं व्हायला हवं होतं. पण माणूस वेळेवर शहाणा झाला तर मग रडायचं कशाला?

ठमी हे तिचं घरातलं नाव. दुपट्यात गुंडाळलेली असतानाच बाबांनी चिकटवलेलं. जगात दुसरी ठमी असेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. गेमच्या साइटवर खातं उघडताना मात्र उत्तर आलं, हे नाव उपलब्ध नाही, दुसरं निवडा. तिचं डोकंच सटकलं. तिने तिरमिरीत लिहिलं, 'खरी ठमी'. ते मिळालं.

खेळ एका बेडकाचा. टुणटुण उड्या मारत त्याला शेवटच्या झेंड्यापर्यंत न्यायचं. पण खेळाच्या चाहत्यांनी त्यातून भलतंच खूळ काढलं होतं. ते स्वतःच लेव्हल बनवत, आणि त्याही अशा की खेळायचंच नाही. कंट्रोलर खाली ठेवायचा आणि गप्प बघत बसायचं. स्प्रिंग बेडकाला उडवते, तो खोक्यावर आपटतो, खोकं एक सूर देतं, पुढची स्प्रिंग त्याला झेलते, आणि असा आपटत-धोपटत बेडूक अख्खं गाणं वाजवून जातो. मध्ये चुकून बोट लागलं की गेला खड्ड्यात.

"मग तू करतेस काय?" आई विचारायची.

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

"दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना ताटकळत बसवतेस, आता घरी येऊन स्वतः बस," आई म्हणायची आणि कामाला लागायची.

बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी ती त्यांच्या शिळेची लेव्हल बनवत होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. अर्धा आठवडा या शहरात, अर्धा कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या कामांवर. घरी असले की सकाळी दाढी करताना शिळेवर एक धून वाजवत. धून त्यांची स्वतःची, कुठल्या गाण्याची नाही. मध्येच रेझर बेसिनवर दोनदा झटकत, टक टक, आणि तो दर वेळी तालाच्या जरासा मागे पडे. मग शीळ पुन्हा सुरू. पुरी ती कधीच होत नसे, कारण तेवढ्यात आईची हाक यायची, "अहो, चहा गार होतोय."

ठमीने तो उशिरा पडणारा टक टकसुद्धा जसाच्या तसा ठेवला. तिथे बेडूक लाकडी खोक्यावर दोनदा डोकं आपटतो. लेव्हल साइटवर चढवली आणि नाव दिलं, 'बाबांची शीळ'. खाली लगेच ओळ आली: याच नावाची आणखी एक लेव्हल आहे. बनवणारी, ठमी.

खऱ्या ठमीला आधी हसू आलं. मग तिने ती लावली, आणि कंट्रोलर टेबलावर ठेवला.

पहिल्या दोन उड्यांतच ती खुर्चीत पुढे सरकली. तीच धून. माझी चोरली, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, पण लेव्हलवर तारीख गेल्या वर्षीची होती. ऐकली असेल कुणीतरी, बाबा काय कामावरही शीळ घालत असतील. इतक्यात बेडकाने लाकडी खोक्यावर डोकं आपटलं. टक टक. तालाच्या जरासं मागे.

धून कुणीही उचलेल. तो टक टक उचलायला बाथरूमच्या दाराशी उभं राहावं लागतं.

आणि जिथे आईची हाक यायची, तिथे ही शीळ थांबली नाही. ती वर चढली, वळली आणि सावकाश उतरत झेंड्यापाशी पोचली. ठमीने बाबांची शीळ आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली. खाली बनवणारीने लिहिलं होतं, 'बाबा घरी नसतात तेव्हा ही लावते.'

नंतर दोन दिवस ती दवाखान्यात लोकांना चुकीच्या वेळा देत राहिली. आईकडे बघवेना. आई आपली बाबांचा नवा शर्ट इस्त्री करत होती, कॉलर पुन्हा पुन्हा ओढून. ठमीने ठरवलं, झाकली मूठ. आपलीच लेव्हल लावायची, टाळ्या वाजवायच्या, केक कापायचा.

पण वाढदिवसाला बाबा बॅग घेऊन आले, "ठमे, पाणी दे गं," म्हणाले, आणि तिचं ठरवलेलं सगळं वाहून गेलं. तिने दुसऱ्या ठमीची लेव्हल लावली. पुढचा भाग ऐकून बाबा बुचकळ्यात पडले, हे काय नवीन म्हणाले, तर आपणच मूर्ख. देवा, मी मूर्ख ठरू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

बाबा खूश झाले. टक टकला तर त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. "अगं, रेझर पण?" ते म्हणाले. आई हातात केकची सुरी घेऊन हसत उभी होती.

मग तो पुढचा भाग आला. बाबांचे डोळे अर्धवट मिटले, ओठांचा चंबू झाला आणि ते शीळ घालू लागले. वर गेले, वळले, सावकाश उतरले. एक सूर चुकला नाही. बेडूक आणि ते बरोबरच झेंड्यापाशी पोचले.

"हे मी कधी ऐकलंच नाही," आई म्हणाली. "मी मध्येच हाक मारते ना. मला वाटायचं, एवढीच आहे."

बाबांनी डोळे उघडले आणि ठमीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"सुंदर केलीस हं," आई ठमीला म्हणाली.

"मी नाही केली."

"मग कुणी?"

"ठमीने."

आई हसली. "म्हणजे तूच की गं. अशी काय बोलतेस?" मग तिने बाबांकडे पाहिलं, तेही हसतील म्हणून.

बाबांनी मात्र, कोण ठमी, असं विचारलं नाही.