या घरात शपथ चालत नाही

ऋषिकेशने कूलर बंद केला.

दिवाणावर आडव्या झालेल्या रुख्माबाईंनी डोळे उघडले. "काहून बंद केला गा? जीव चालला ना माया."

"पाणी संपलं त्यातलं, आई."

पाणी संपलेले नव्हते. सकाळी त्यानेच पाइप लावून टाकी काठोकाठ भरली होती. मे महिन्यातल्या दुपारी चालता कूलर बंद करण्याचे कारण वेगळे होते. त्या घरघरीत बाजूच्या खोलीतले शब्द ऐकू येत नव्हते. ऐकू येत होते ते केवळ हसणे. आता घरघर थांबली आणि शब्द स्पष्ट झाले. ते लॅटिनमध्ये होते.

बाजूच्या खोलीत त्याची बायको मिनल आणि पंकज रणभिसे वाचत बसले होते. मिनल महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि सध्या मध्ययुगीन युरोपातल्या धर्मखटल्यांवर प्रबंध लिहीत होती. पंकजने ख्रिस्ती धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. त्या शिक्षणातले त्याच्यापाशी जे टिकले, ते म्हणजे लॅटिन. ती शिकवायला तो हुडकेश्वरहून मनीषनगरच्या या फ्लॅटवर येई. वाचन चालू असताना खोलीचे दार उघडे असे. ऋषिकेशला ते बंद असते तर बरे वाटले असते. बंद दाराबद्दल निदान काही विचारता येते.

तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून जिभेवर कापूर जाळून दाखवणे आणि त्यात चमत्कार का नाही हे समजावून सांगणे, हा त्याचा जुना कार्यक्रम होता. या वर्षी मात्र त्याने एकही गाव घेतले नव्हते. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये असे तो लोकांना सांगत आला होता, म्हणून तो घरी थांबून पुरावा शोधत होता. अद्याप काहीच सापडले नव्हते आणि तरी संशय जात नव्हता, ही गोष्ट त्याच्या पद्धतीत कुठेच बसत नव्हती.

तो पन्ह्याचे पेले घेऊन आत गेला.

"कूलर बिघडला का?" मिनलने विचारले.

"बघतो. कशावर हसून राहिले तुम्ही?"

"या बाईवर." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "न्यायाधीश विचारून राहिला, तू शपथ काहून घेत नाही? तर ही म्हणते, साहेब, काल मी माझं नाव सांगितलं, ते तर तुम्ही शपथेशिवायच लिहून घेतलं!"

पंकज पुन्हा हसला. ऋषिकेशलाही हसू येत होते, पण ते त्याने येऊ दिले नाही.

ती बाई वाल्डेन्सियन नावाच्या ख्रिस्ती पंथातली होती. युरोपातल्या धर्मसुधारणेच्या तीनेकशे वर्षे आधीपासून ही माणसे डोंगराळ भागात लपून राहत. शुभवर्तमान स्वतःच्या बोलीत आणून ते पाठ करत, मेलेल्यांसाठी केलेल्या प्रार्थनांचा काही उपयोग नाही असे म्हणत, आणि कशाचीही शपथ घेत नसत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्यावर आणखी काही रचणे त्यांना पाप वाटे. त्यांना पकडणाऱ्या न्यायाधीशांनी यातूनच एक सोपी युक्ती काढली होती. संशयिताला पहिल्यांदा शपथ घ्यायला लावायची. जो कचरला, तो पाखंडी.

"म्हणजे चाचणीच सदोष आहे," ऋषिकेश म्हणाला. "खरं बोलणारा अडकतो अन् खोटारडा शपथ घेऊन सुटतो."

"करेक्ट, सर! मॅडमचं एक आख्खं प्रकरण त्याच्यावर आहे."

"विषयच याच्यामुळे सुचला मला," मिनल म्हणाली. "आमच्या घरात शपथ चालत नाही ना. लग्न झालं त्याच दिवशी यानं सांगितलं होतं, सांगितलं म्हणजे झालं. आई तर बिचाऱ्या गळ्याची शपथ म्हणता म्हणता अर्ध्यावर थांबतात."

ते खरे होते. एका पुस्तकाच्या तळटीपेत या लोकांचा उल्लेख प्रथम सापडला, तेव्हा मिनल ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात धावत आली होती आणि म्हणाली होती, "ऋषी, तुझी माणसं सापडली." हल्ली ती त्यांना 'आपली माणसं' म्हणत असे, आणि तसे म्हणताना तिची नजर पंकजकडे असे.

"मग काय झालं त्या बाईचं?" त्याने विचारले.

"शेवटी घेतली तिनं शपथ," पंकज म्हणाला. "ते सांगतील तशी. त्याच्यानंतरची पानं वाचून मजा नाही, सर. न्यायाधीशाला जे पाहिजे तेच ती बोलते. पुढं ती बाई दिसतच नाही."

"बिचारी," मिनल म्हणाली.

"आणि हे लोक फिरायचे जोडीनं," पंकज उत्साहाने सांगू लागला. "प्रचारक म्हणजे, एक मुरलेला अन् एक शिकाऊ. लोक त्यांना फादर नव्हते म्हणत, काका म्हणत."

"मग तुम्ही माझे काका झाले."

"मॅडम, वयानं पाहिलं तर तुम्ही काकू."

दोघेही हसले. ऋषिकेशने पेले उचलले. पंकजच्या पेल्यात अर्धे पन्हे उरलेले होते.

"अरे, त्याचं व्हायचं आहे अजून," मिनल म्हणाली. "अन् ऐक, बेंगळुरूच्या ग्रंथालयाचं उत्तर आलं. जूनमध्ये पंधरा दिवस बसू देतात. दोघांनाही."

"दोघांना."

"मग? लॅटिन मला एकटीला झेपणार आहे का?"

ऋषिकेशने पेला पुन्हा पंकजसमोर ठेवला. बाहेर येऊन त्याने कूलर चालू केला. रुख्माबाई म्हणाल्या, "भरलं का बाप्पा पाणी?" त्याने मान हलवली.

संध्याकाळी पंकज गेल्यावर मिनल जेवणाच्या टेबलाशी गवारीच्या शेंगा मोडत बसली. ऋषिकेश समोरच्या खुर्चीवर बसला. त्याने एक शेंग उचलली, तिच्या दोन्ही बाजूंच्या शिरा व्यवस्थित काढल्या आणि ती न मोडताच ताटलीत ठेवली.

"त्याच्यात अन् तुझ्यात काही आहे का?"

मिनलचे हात थांबले नाहीत. "नाही."

या घराच्या नियमानुसार विषय इथे संपायला हवा होता. त्याने दुसरी शेंग उचलली. मग म्हणाला, "काही होण्यासारखं?"

"नाही, ऋषी."

"त्याच्याकडून?"

"ते त्याला विचार. मी त्याच्या मनातलं कसं सांगू?"

उत्तर निर्दोष होते. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते, तर त्याने कौतुक केले असते. आता मात्र त्याला त्यात एक फट दिसली, आणि फट दिसताच तिच्यातून काय काय आत येऊ शकते तेही दिसले.

"शपथ घे," तो म्हणाला.

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "काय म्हटलं तू?"

"आईच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

शपथेने हवेतला एक रेणूही जागचा हलत नाही, हे वाक्य त्याने किती सभांमध्ये उच्चारले होते. बोलताना ते त्याला आठवतही होते. पण त्याला शपथ नको होती. मिनल नकार देईल, चिडेल, त्याचाच नियम त्याच्या तोंडावर फेकेल, याची त्याला खात्री होती. मग त्याला शरम वाटेल, तो माफी मागेल आणि कित्येक दिवसांनी दोघे नीट बोलतील. माफीची पहिली दोन वाक्ये त्याच्या मनात तयारही होती.

मिनल त्याच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता. मग ती उठली, पदर नव्हता म्हणून ओढणीला हात पुसले, आणि दिवाणाशी जाऊन टीव्हीवरची मालिका पाहणाऱ्या रुख्माबाईंच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"आईंच्या डोक्याची शपथ. पंकजमध्ये अन् माझ्यात काही नाही. नव्हतं."

आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा होता.

"अवं, काय झालं वं पोरी?" रुख्माबाईंनी मान वर केली. मग काय घडले ते त्यांच्या ध्यानात आले आणि त्या मुलाकडे वळल्या. "तं आता चालते का गा शपथ या घरात? मले तं इतके वर्ष घेऊ नाही दिली तुनं."



"चालते, आई," मिनल म्हणाली. "आजपासून."

ती परत येऊन बसली. तयार असलेली दोन वाक्ये आता कुठे लावायची हे ऋषिकेशला कळेना.

सकाळी त्याने विचारले, "पेपर आला का?"

"आला, शपथ."

त्याने चमकून पाहिले. ती चेहऱ्याला सनस्क्रीन लावत होती. तिला महाविद्यालयात परीक्षेचे काम होते. आवाजात टोमणा आहे का हे त्याने तपासले. नव्हता.

"मिनल, काल मी..."

"बेंगळुरूला येत नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. "पंकजलाही सांगितलं, आता वाचन बंद. शपथ."

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलं तू. शपथ."

त्याला जे जे हवे होते ते सगळे घडले होते. मनातली गोष्ट न मागताही इतक्या लवकर मिळते हे त्याला माहीत नव्हते. ती ओढणी तोंडाभोवती गुंडाळून, गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्याने विचारले, "आईचं दूध तापवलं का?"

"तापवलं, शपथ."

जिन्यावरून तिची पावले उतरत गेली. खाली गाडी सुरू झाली. ऋषिकेश स्वयंपाकघरात गेला आणि त्याने पातेल्यावरचे झाकण उचलले. दुधावर जाड साय धरली होती, कडेने वाफेचे थेंब होते.  तरी त्याने पातेल्याला हात लावून पाहिला.